अर्धायुष्य

उत्तम घरत, वय चव्वेचाळीस, क्रेन ऑपरेटर, सोहार बंदर.
काउंटरवर कोपर टेकवून
मूळव्याधीचं मलम मागावं तसं हळूच म्हणाले,
"मुकादम मॅडम, ती पळायची गोळी आहे का?"

पळायची गोळी नसते, दादा.
कॅफीन असतं. शंभर मिलिग्रॅम, वीसची पट्टी,
एक रियाल आठशे बैसा.
तुमच्या करक चहातही तेच असतं,
फक्त तिथं वेलची आणि गप्पा जास्त.

वजन? एकसष्ट.
किलोला तीन, म्हणजे एकशे त्र्याऐंशी.
मी कॅल्क्युलेटर फिरवून दाखवला
तर त्यांनी तो ओढून घेऊन पुन्हा गुणाकार केला.
तीस टनांचा कंटेनर हवेत धरणारा माणूस,
दुसऱ्याच्या आकड्यावर कसा विसंबेल?
दोन घ्या, म्हटलं. सतरा मिलिग्रॅमसाठी कुणी रडत नाही.
शर्यतीच्या तासभर आधी.
बाही वर करा, बीपी बघते.

दिवसाचे चहा किती?
सात.
मग अंगाला सवय असणार, कमी चढेल.
आठवडाभर सोडता का?
ते असे हसले,
जशी मी त्यांची किडनी मागितली होती.

मागं रांग लागलेली, एक बंगाली पोरगा
पॅनाडॉलसाठी या पायावरून त्या पायावर,
तरी मी बोलतच राहिले:
ही ताकद देत नाही, दादा.
शरीर दिवसभर एकच निरोप धाडत असतं,
थकलो, थकलो.
ही त्याच्या दारात खुर्ची टाकून बसते.
निरोप फाडत नाही. नुसती बसते.
पाचेक तासांनी तिच्यातली अर्धी उठून जाते,
आणखी पाचांनी उरलेल्यातली अर्धी.
याला आमच्यात अर्धायुष्य म्हणतात.

"आमच्यातपण," ते म्हणाले
आणि सुटे बैसे मोजू लागले.

(माझे अब्बा हर्णैला
कोऱ्या चहात गुळाचा खडा टाकून
रात्रभर सुकाणू धरायचे
आणि सकाळी भाकरीवरच डोकं टाकायचे.
त्यांना कुणी वजन विचारलं नव्हतं.)

गुरुवारी संध्याकाळी सातला शर्यत,
किनाऱ्याच्या रस्त्यानं दहा किलोमीटर.
माझी ड्यूटी होती. मी पाहिली नाही.

शनिवारी आले. जरा लंगडत.
दोनशे बारावा.
किती जणांत?
"ते विचारू नका."
सहाव्या किलोमीटरपर्यंत, म्हणाले,
पाय माझे नव्हतेच, कंपनीचे असल्यासारखे,
दुखले तर ते बघतील.
मग मासळीबाजाराच्या वळणावर पोटरी आवळली,
नववा चालत काढला.

"पण झोप, मॅडम!"
खोलीत सात जण घोरत, एसीचं पाणी बादलीत टपटप,
आणि यांचे डोळे बंदरातल्या दिव्यांसारखे सताड.
गच्चीवर गेले. इथं बारा, उरणला दीड.
फोन लावला.
सुगंधा पहिलं बोलली ते, "कोण गेलं?"
कोणी नाही गं. मी पळालो.
"कोणाच्या मागं?"

मग दोन तास.
बावीस वर्षांत एवढं कधी बोललो नव्हतो, म्हणाले,
दर शुक्रवारी पैसे पोचले का, पोचले,
जेवलास का, जेवलो, ठेवू का, ठेव.
त्या रात्री थोरलीच्या चष्म्याचा नंबर कळला.
पंप कधीचा बंद आहे ते कळलं.
ती रात्री दिवा लावून झोपते, हे कळलं.
गेल्या साली पैसे पाठवून जो नवा दरवाजा बसवला
त्याचा रंग विचारायचाच राहिला होता.
"निळा आहे म्हणे."

पट्टी काउंटरवर ठेवली. अठरा शिल्लक.
परत घेता का?
विकलेलं औषध परत घेत नाही, नियम आहे.
"मग राहू द्या,"
म्हणत त्यांनी ती शर्टाच्या खिशात घातली,
वरून बटण लावलं.

पुढच्या गुरुवारी शर्यत नाही, दादा.
"माहीत आहे."

रिकाम्या पोटी घेऊ नका,
एवढंच मी म्हटलं.